टोपलीभर माती

शहरांतील फळवाल्यांच्या गाड्यांवर आणि मोठ्या दुकानांच्या थंड कपाटांतून गेल्या काही वर्षांत एक नवे फळ मांडलेले दिसू लागले आहे. आकाराने करवंदाएवढे, रंगाने जांभळाच्या गोत्रातले वाटणारे आणि द्राक्षासारखी फिकट राख अंगाला फासलेले हे फळ म्हणजे ब्लूबेरी. मराठीत त्याला स्वतःचे नाव अद्याप मिळालेले नाही. किंमत ऐकून पुष्कळ जण पुढे जातात. काही जण मात्र क्षणभर थांबतात आणि त्यांच्या मनात एक साधा विचार येतो : हे झुडूप आपल्या परसात का बरे लागू नये ? रायपूरसारख्या गावी, जेथे घरापाठीमागे अजून थोडी मोकळी जागा असते, तुळशीजवळ कढीलिंब आणि मोरीच्या पाण्यावर अळू वाढत असते, तेथे तर हा विचार हमखास सुचावा.

ह्या प्रश्नाचे उत्तर 'लागते' किंवा 'लागत नाही' एवढ्या एका शब्दात देता आले असते. परंतु त्या झुडपाच्या इतिहासात शिरल्यावाचून ते उत्तर खरे होत नाही. आंबा, द्राक्ष, डाळिंब ही फळे माणसाने केव्हा माणसाळवली हे इतिहासाला नेमके सांगता येत नाही. ब्लूबेरीचे तसे नाही. ती रानातून बागेत कोणत्या वर्षी आली, कोणी आणली आणि कोणाच्या चुकांतून शिकून आणली, हे सारे आपल्याला ठाऊक आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी ब्लूबेरीची बाग अशी जगात कोठेही नव्हती म्हटले तरी चालेल. एका फळाचा जन्म इतक्या जवळून पाहावयास मिळणे हा दुर्मिळ योग आहे.

ब्लूबेरीचे माहेर उत्तर अमेरिका. तेथील दलदलींच्या काठी, विरळ पाइन वृक्षांच्या सावलीत आणि वणव्याने जळून गेलेल्या माळांवर ही झुडुपे आपोआप वाढत. तेथील मूळ रहिवासी ती फळे वेचीत, उन्हात वाळवीत आणि हिवाळ्याच्या बेगमीसाठी साठवून ठेवीत. सॅम्युएल द शांप्लँ हा फ्रेंच प्रवासी १६१५ साली ह्यूरॉन सरोवराच्या प्रदेशात गेला, तेव्हा त्याने हा वाळवणाचा उद्योग पाहून नोंदून ठेवला. पुढे युरोपातून आलेले वसाहतवालेही तीच फळे रानातून वेचून बाजारात विकू लागले. फळ सर्वांना आवडे. पण ते रानाचेच राहिले. कारण जो जो शेतकरी ते झुडूप उपटून आपल्या मळ्यात लावी, त्याच्या हाती निराशा येई. त्याने लावलेल्या जागी मोठ्या प्रेमाने शेणखत घातलेले असे, चुना टाकून माती गोड केलेली असे, भाजीपाल्याला मानवेल अशी सगळी सरबराई केलेली असे. झुडूप मात्र पिवळे पडे, खुरटे आणि अखेरीस मरून जाई. म्हणून लोकांनी ठरवून टाकले की, हे झुडूप माणसाच्या हाताला मानवत नाही.

ह्या समजुतीची परीक्षा पाहण्याचे काम फ्रेडरिक कॉव्हिल ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने अंगावर घेतले. तो अमेरिकेच्या सरकारी कृषिखात्यात नोकरीस होता. १९०६ साली त्याने प्रयोगांस आरंभ केला. शेतकरी काय करतो आणि रान काय करते, ह्यांत फरक कोठे पडतो, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याने निरनिराळ्या कुंड्यांत निरनिराळी माती भरून रोपे वाढवली आणि जे आढळले ते त्या काळच्या बागाईतदारांना उलटेच वाटले. सुपीक, खतावलेल्या, चुनखडीने गोड केलेल्या मातीत रोप रडत असे. आणि जी माती बागवान टाकाऊ म्हणून बाजूला सारील, त्या आंबट, कुजलेल्या शेवाळपाल्याच्या मातीत ते जोमाने वाढे.

मातीचा आंबटपणा मोजण्याचे जे माप आहे त्याला आपले कृषिशास्त्रज्ञ 'सामू' म्हणतात. सामू ७ असला की माती ना आंबट ना खारी. त्याखाली गेला की आम्ल, वर गेला की अल्क. आपल्या बहुतेक भाज्या ६ ते ७॥ ह्यांच्या दरम्यान सुखी असतात. ब्लूबेरीला मात्र साधारण ४॥ ते ५॥ एवढी आम्ल माती लागते. हे अंक जवळजवळचे वाटले तरी फसवे आहेत. कारण ह्या मापात एक अंक खाली उतरला की आम्लता दसपट होते. ह्या हट्टामागे कारणही आहे. इतर झाडांच्या मुळांना जी बारीक केसांसारखी लव असते, ती ब्लूबेरीच्या मुळांना नसते. तिच्या मुळांत एक सूक्ष्म बुरशी वस्तीला राहते आणि मातीतील अन्न मिळवण्यास साहाय्य करते. मातीतला चुना वाढला की झाडाला लोह मिळेनासे होते, पाने पिवळी पडतात आणि केवळ शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. शेतकऱ्याने प्रेमाने घातलेला चुना हेच त्याच्या झाडाचे मरण होते. चांगली माती म्हणजे कोणती, हे माती पाहून ठरत नाही. तीत काय लावावयाचे आहे ते पाहून ठरते.

कॉव्हिलने आणखीही एक गोष्ट दाखवली. हिवाळ्यात उबदार काचघरात ठेवलेली रोपे वसंतात नीट फुटत नसत. थंडीत उघड्यावर ठेवलेली मात्र भराभर पालवत. म्हणजे थंडी ही ह्या झाडाची ठरलेली विश्रांती होती. तिच्यावाचून त्याला पुढच्या बहराची जाग येत नसे. हा धागा आपण ध्यानात ठेवू, कारण रायपुरात आल्यावर तो पुन्हा हाती घ्यावयाचा आहे.

१९१० साली कॉव्हिलने आपल्या प्रयोगांची हकीकत एका सरकारी पत्रिकेत छापली. सरकारी पत्रिकांचे पुढे काय होते हे आपण जाणतोच. परंतु ही पत्रिका न्यू जर्सी राज्यात एलिझाबेथ व्हाइट नावाच्या स्त्रीच्या हाती पडली. तिच्या वडिलांची व्हाइट्सबॉग येथे क्रॅनबेरी ह्या दलदलीतल्या आंबट फळाची मोठी शेती होती. लहानपणापासून त्या शेतीत वाढलेल्या एलिझाबेथला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती : आपल्या भोवतालच्या रानात ब्लूबेरी आपोआप वाढते, म्हणजे आपली माती तिला मानवते. तिने १९११ साली कॉव्हिलला पत्र लिहिले, आपली जमीन आणि मजूर देऊ केले, आणि दोघांचे सहकार्य सुरू झाले.

कॉव्हिलकडे ज्ञान होते, व्हाइटबाईंकडे जमीन होती. पण तिसरी गोष्ट दोघांकडेही नव्हती. रानातील असंख्य झुडपांपैकी उत्तम झुडूप कोणते, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते आसपासच्या पाइनच्या रानात राहणाऱ्या गरीब माणसांना, जी वर्षानुवर्षे पोट भरण्यासाठी ही फळे वेचीत आली होती. व्हाइटबाईंनी त्यांनाच हाक घातली. प्रत्येकाच्या हाती एक पट्टी दिली. तिला सुमारे १६ मिलिमीटर व्यासाचे भोक होते. ज्या झुडपाचे फळ त्या भोकातून खाली पडणार नाही, ते झुडूप दाखवावे आणि मोबदला घ्यावा, असा करार. माणसे रान धुंडाळू लागली. जे झुडूप पसंतीस उतरले त्याला, ते शोधून देणाऱ्याचे नाव देण्यात आले. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेले झुडूप 'रूबेल' ह्या नावाने प्रसिद्ध झाले आणि त्या जातीची लागवड आजही होते. वेचणाऱ्याचे नाव फळाला चिकटून राहिले, ही गोष्ट मला तरी ह्या सगळ्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पाच वर्षांत, १९१६ साली, व्हाइट्सबॉग येथून लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. कॉव्हिलने निवडक झुडपांचा संकर करून १९२० च्या सुमारास 'पायोनियर' आदी नव्या जाती बाहेर काढल्या. १९२७ साली उत्पादकांची सहकारी संस्था उभी करण्यातही व्हाइटबाईंचा हात होता. रानटी म्हणून हजारो वर्षे सोडून दिलेले झुडूप एका पिढीच्या आत बागेत आले.

पण श्रोतेहो, हे झुडूप अजूनही थंड मुलखाचे होते. ते दक्षिणेकडे आणण्यासाठी दुसरी पिढी खपावी लागली. फ्लॉरिडाच्या विद्यापीठाने विसाव्या शतकाच्या मध्यास ते काम हाती घेतले. तेथील उष्ण प्रदेशातील रानटी ब्लूबेरीशी उत्तरेकडील जातींचा संकर करून थोड्या थंडीवर भागवणाऱ्या जाती तयार करण्यात आल्या. १९९८ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने मिसिसिपी राज्यातील केंद्रातून 'बिलॉक्सी' नावाची अशीच एक जात प्रसृत केली. हीच जात पुढे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर पोचली. तेथे पाऊस जवळजवळ नाही आणि थंडीही नाही. परंतु ठिबकने आम्ल पाणी देऊन त्या वाळूत ब्लूबेरी वाढवली गेली, आणि आज पेरू हा ह्या फळाच्या निर्यातीत जगात अग्रेसर आहे. भारतातही हिमाचलात आणि महाराष्ट्रातील काही ठिकाणी ह्या कमी थंडीच्या जातींची लागवड सुरू झाली आहे. ह्याच कुळातील रानटी भावंडे आपल्या निलगिरीच्या डोंगरांत पूर्वीपासूनच आहेत. म्हणजे भरतभूमीला हे घराणे अगदीच परके नाही.

आता रायपूरकडे वळू.

छत्तीसगडच्या शेतकऱ्याने आपल्या मातीला फार पूर्वीच चार नावे देऊन ठेवली आहेत. उंचवट्यावरची मुरमाड तांबडी जमीन ती भाटा. तिच्याखालची पिवळसर ती मटासी. आणखी खाली डोरसा. आणि सखल भागात साठलेली काळी, चिकण ती कन्हार. उतारावरून खाली येताना माती जाड, काळी आणि ओलावा धरणारी होत जाते. शास्त्रज्ञांनी पुढे ह्याच चार पायऱ्यांना आपली लांबलचक नावे दिली. पायऱ्या मात्र शेतकऱ्याच्याच राहिल्या. कन्हार ही धानाची आणि त्यानंतर हरभऱ्या-लाखोळीची माय आहे. पण चुन्याचा अंश असलेली ही चिकण जमीन ब्लूबेरीला सर्वथा वर्ज्य. भाटा जमीन आम्लाकडे झुकलेली आणि निचऱ्याची खरी, तथापि तीत कुजलेल्या पाल्याचा अंश अगदी थोडा.

त्यात आणखी एक अडचण पाताळातून येते. रायपूरच्या पोटात चुनखडकाचे मोठे थर आहेत. भूशास्त्रात त्यांना रायपूरच्याच नावाने ओळखतात. बलौदाबाजार-रायपूर-दुर्ग ह्या पट्ट्यात सिमेंटचे इतके कारखाने उभे राहिले ते ह्याच खडकामुळे. घरे बांधावयाला हा खडक उत्तम. पण त्यातून उपसलेले विहिरीचे वा नळकूपाचे पाणी जड आणि चुनामिश्रित. माती कितीही आम्ल करा, असे पाणी वर्षभर घातले की ती पुन्हा गोड होणार आणि झुडूप पिवळे पडणार. शिवाय कॉव्हिलने सांगितलेली थंडी येथे नाही. पौष महिन्यातली रायपूरची रात्रही ब्लूबेरीच्या हिशेबात थंडीच नव्हे. आणि उन्हाळा तर सर्वांत मोठा शत्रू. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि दुपारच्या झळा पाने करपवून टाकतात.

मग हा नाद सोडावा काय ? तसे नाही, आपण जमिनीत लावण्याचा नाद सोडावा, एवढेच. ज्या गावची जमीन झाडाला मानवत नाही, त्या गावी झाडापुरती जमीन वेगळी करावी लागते. एक टोपलीभर माती.

'टोपलीभर माती' म्हणताच ज्यांनी हिंदी साहित्य वाचले आहे त्यांना एका कथेची आठवण होईल. 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा १९०१ साली 'छत्तीसगढ मित्र' ह्या मासिकात आली आणि अनेक अभ्यासक तिला हिंदीतील पहिली लघुकथा मानतात. लेखक होते माधवराव सप्रे. एका जमीनदाराने गरीब विधवेची झोपडी कायद्याच्या बळावर आपल्या वाड्यात घातली. नातीला त्याच घरच्या मातीच्या चुलीवरची भाकर हवी होती, म्हणून म्हातारी टोपलीभर माती मागावयास आली. ती टोपली उचलून देण्यास जमीनदार वाकला, आणि ती त्याला उचलता आली नाही. एका टोपलीचे हे ओझे, तर त्या जागेतल्या हजारो टोपल्यांचे ओझे जन्मभर कसे वाहणार, एवढाच म्हातारीचा प्रश्न. त्याचे डोळे उघडले आणि झोपडी परत मिळाली.

सप्रे मराठी घरातले. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी हे मासिक काढले तेव्हा रामराव चिंचोलकर त्यांच्याबरोबर संपादक होते आणि प्रकाशक होते वामनराव लाखे. तिघेही मराठी भाषक, मासिक हिंदी. छत्तीसगडात मराठी माणूस आला तो नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर. १७४१ साली भास्करराम कोल्हटकरांची स्वारी रतनपुरावर आली. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून कारभार केला. १८१८ नंतर कारभाराचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. राज्य गेले, तरी कारकून, मास्तर, वकील, पुजारी अशी मराठी कुटुंबे तेथेच राहिली. त्यांनी घरात मराठी जपली आणि दाराबाहेर हिंदी व छत्तीसगढी आपलीशी केली. सप्र्यांनी समर्थांचा 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. परक्या मुलखात रुजावयाचे तर मुळापुरती आपली माती जवळ असावी आणि फांद्या मात्र तेथल्या वाऱ्यात वाढाव्यात, हा धडा ह्या कुटुंबांनी कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञाला विचारल्यावाचून गिरवला होता.

तर ज्याला रायपुरात ब्लूबेरी लावावयाची आहे त्याने हाच धडा कुंडीत गिरवावा. कुंडी तोंडाला हातभर तरी रुंद असावी. अर्धे कापलेले पिंप उत्तम. ह्या झाडाची मुळे खोल जात नाहीत, आडवी पसरतात. बुडाला भोके भरपूर असावीत, कारण साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात. मिश्रणात अंगणातली कन्हार घालू नये. नारळाच्या काथ्याचा धुतलेला भुसा किंवा मिळाल्यास पीट, त्यात निचऱ्यासाठी धानाचे तूस, थोडी भाटा जमिनीची मुरमाड माती आणि चांगला कुजलेला पालापाचोळा, असे मिश्रण करावे. त्यात गंधकाची भुकटी थोड्या प्रमाणात मिसळावी. गंधक घातल्या दिवशी माती आम्ल होत नाही. मातीतील जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि त्याला काही महिने लागतात. म्हणून मिश्रण रोप आणण्यापूर्वीच तयार करून ठेवावे, आणि सामू मोजण्याची कागदी पट्टी आणून खात्री करून घ्यावी. राख आणि चुना ह्यांना त्या कुंडीच्या वाऱ्यालाही उभे करू नये.

पाणी द्यावयाचे ते पावसाचे. रायपुरात पावसाळ्यात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पन्हाळीचे पाणी टाकीत धरून ठेवले तर दोनचार कुंड्यांची वर्षाची तहान भागेल. जात निवडताना 'बिलॉक्सी'सारखी, थंडीवाचून भागवणारी निवडावी. एकाऐवजी दोन निरनिराळ्या जाती शेजारी ठेवल्या तर मधमाश्या परागाची देवघेव करतात आणि फळ मोठे होते. खत अमोनियम सल्फेटच्या रूपात, अगदी थोडे आणि वाटून द्यावे. पहिल्या वर्षी आलेली फुले खुडून टाकावीत. बागवानाच्या जिवावर येते खरे. पण त्या वर्षी झाडाने फळ न धरता मूळ धरावे, हेच हिताचे. फाल्गुन सरला की कुंडी पूर्वेकडच्या भिंतीशी हलवावी, म्हणजे सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारचे टळेल. वर हिरवी जाळी बांधावी आणि बुंध्याशी पाल्याचे जाड आच्छादन घालावे. फळ निळे झाले की लगेच तोडू नये, आणखी चारसहा दिवस थांबावे. कारण रंग आधी येतो आणि गोडी मागाहून. ह्या चारसहा दिवसांत बुलबुलांपासून मात्र झाड राखावे लागेल. त्यांना एवढा धीर नसतो.

इतके सारे केल्यावर वाटीभर, फार तर दोन वाट्या फळे मिळतील. ज्याला हौस आहे त्याने ती अवश्य करावी. परंतु हा इतिहास वाचताना माझ्या मनात वारंवार एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आज आपल्यापुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते. न्यू जर्सीच्या दलदलीत व्हाइटबाईंनी जे केले, ते आपण आपल्या रानातल्या फळांसाठी किती केले ?

छत्तीसगडच्या रानात चार पिकतो. त्याच्या बियांतील मगज म्हणजे आपली चारोळी, जी आपण श्रीखंडावर घालतो. काळसर जांभळी, गोड फळे उन्हाळ्यात पानांच्या दोन्यांतून बाजारात येतात. ह्या झाडाला आम्ल मातीची कुंडी लागत नाही, पावसाचे साठवलेले पाणी लागत नाही. पण चारोळीला मोल आले आणि कच्ची फळे तोडण्याची, फांद्याच छाटून नेण्याची घाई सुरू झाली; कित्येक रानांत हे झाड विरळ झाले. करवंदाची तीच कथा. मुरमाड, तांबड्या, कोरड्या जमिनीत, जेथे ब्लूबेरी एक उन्हाळाही काढणार नाही, तेथे करवंदाची जाळी काटे उगारून उभी असते. फालसाही तसाच, पौष-माघात झुडूप कठोरपणे छाटावे आणि ऐन उन्हाळ्यात नव्या फुटीवर जांभळी-तांबडी फळे वेचावीत. ही तिन्ही फळे रायपूरच्या हवेत जन्मजात रुळलेली आहेत. मात्र एका झुडपाचे फळ वाटाण्याएवढे, दुसऱ्याचे बोराएवढे. एक गोड, दुसरे तुरट. त्यांतले उत्तम कोणते, हे वेचणाऱ्या बायकांना नक्की ठाऊक असते. त्यांच्या हाती भोक पाडलेली पट्टी फारशी कोणी दिलेली नाही.

काहीच झाले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने करवंदाची 'कोकण बोल्ड' आणि जांभळाची 'कोकण बहाडोली' अशा निवडक जाती दिल्या. बहाडोली हे पालघर जिल्ह्यातील गाव. तेथल्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. रूबेलमध्ये माणसाचे नाव राहिले, येथे गावाचे राहिले. आणि रायपुरात तर ह्याहून मोठे उदाहरण घडले आहे. डॉ. राधेलाल रिछारिया ह्या तांदूळशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात तेथील धान संशोधन संस्थेत काम करताना गावोगाव हिंडून, शेतकऱ्यांना विचारून, धानाचे १७,००० हून अधिक नमुने गोळा केले. कोणते धान कोणत्या जमिनीला, कोणते सुवासिक, कोणते थोड्या पाण्यावर तगणारे, हे ज्ञान शेतकऱ्यांचे होते. रिछारियांनी ते आदराने टिपून घेतले. १९८७ साली स्थापन झालेल्या रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात तो ठेवा पुढे सांभाळला गेला. २००२ साली एका परदेशी कंपनीशी त्यासंबंधी करार होऊ घातला, तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि तो बेत सोडून द्यावा लागला. आपल्या टोपलीतल्या मातीचे वजन लोकांना तेव्हा कळले होते.

धानासाठी जे झाले ते चारासाठी, करवंदासाठी, फालशासाठी का होऊ नये ? त्याला मोठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. कॉव्हिलने कुंड्यांपासून आरंभ केला, व्हाइटबाईंनी एका पट्टीपासून. आपल्या परसात एका बाजूला हौसेची ब्लूबेरी कुंडीत असावी, आणि दुसऱ्या बाजूला, कुंपणाशी, रानातून पारखून आणलेल्या करवंदाची चारपाच झुडुपे असावीत. ती आणताना, उत्तम फळ कोणत्या जाळीला लागते, हे बाजारात दोना घेऊन बसलेल्या बाईला विचारावे. ती सांगेल. तिचे नाव विचारून घ्यावे, आणि ते झुडूप आपल्याकडे चांगले लागले, तर त्याला तिच्याच नावाने हाक मारावी.